तिसऱ्या दिवशी लागलेली होडी

इंजिन बंद पडून भरकटलेली हितेंद्रची होडी तिसऱ्या दिवशी दुपारी एका ट्रॉलरने ओढत आणून वरळीच्या किनाऱ्याला लावली. कोळीवाड्यातली माणसं धावत आली, पण होडीत तो एकटाच आहे हे दिसल्यावर गप्प झाली. त्याची बायको सुचित्रा गुडघाभर पाण्यात उभी राहून तो उतरल्यावरही रिकाम्या होडीकडे बघत राहिली.

"अगं, सुखरूप आलोय मी! रडतेस कशाला?" हितेंद्र हसला. "आणि मनू कुठाय? मोठा भाऊ परत आला आणि हा घरात झोपलाय?"



"म्हणजे तो तुम्हाला भेटला नाही?" सुचित्राने विचारलं. "काल सकाळी एवढा वारा सुटलेला असताना छोटी होडी घेऊन एकटाच गेलाय, तुम्हाला शोधायला."