रिकाम्या खाचेतला वारा

कापूस वेचताना आई ओवी म्हणायची आणि शेवटचा शब्द लांबवायची. भूपेंद्रच्या लहानपणाला तोच आवाज होता.

आई गेल्याचं त्यानं ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. पांढुर्ण्याच्या सर्व्हर खोलीत तो एकटाच असे.

नागपूरच्या ऑफिसातून सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सहकारी प्रणालीचा फोन आला. "आई बरी हाय ना, भाऊ?"

"हाय."

"सर्व्हरचा बिघडलेला पंखा काढला का?"

"हातातच हाय माह्या."

"थापा नका मारू. माह्या स्क्रीनवर तर तो फिरून राहिला."

एक पंखा काढला की बाकीचे जोरानं फिरू लागतात. आज ते संथच होते. काढलेल्या पंख्याच्या रिकाम्या खाचेतून मात्र वारा येत होता, कोमट, शेवटाला लांबणारा.

"भाऊ, तिथं कोण बाई गाऊन राहिली?"

भूपेंद्रनं पंखा खाली ठेवला.

"माही आई," तो म्हणाला. "महिना झाला तिले जाऊन."