नववं मत

“अहो, पटलं नाही तर तसं सांगा. तिथं मान डोलावत बसू नका,” ज्यूरीचं बोलावणं आलेल्या दिगंबर मास्तरांना डबा देताना यमुनाबाईंनी बजावलं होतं.

खुनाचा खटला ऐकून मास्तरांची खात्री पटली होती, की तो गिरणीकामगार निर्दोष आहे. पण चर्चेच्या खोलीत नऊ जणांच्या ज्यूरीचे फोरमन शेटजी त्याचा गुन्हा तावातावाने पटवत होते, आणि समोरचा बोलू लागला की मास्तरांची मान आपोआप हलायची.

“म्हणजे मास्तर, नववं मत तुमचंही तेच. झालं एकमत,” म्हणत शेटजी उठले. मास्तरही त्यांच्या मागोमाग उठले.

एकमताच्या निकालावर न्यायाधीशांनी फाशीच सुनावली. आरोपीची आई कठड्याशी मटकन बसली.

घरी न उघडलेला डबा हातात घेत यमुनाबाईंनी विचारलं, “बोललात ना?”

मास्तरांनी मान डोलावली.