अर्धा कोयता

दिवाळी सरली की खर्ड्याजवळच्या शाळेतला अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. यंदा सातवीच्या सहामाहीत पहिल्या आलेल्या ज्ञानेश्वरीची पाळी होती. शाळेच्या फाटकापाशी ट्रॅक्टर उभा करून मुकादम तिच्या बापाला समजावत होता, “नवराबायकोचा एक कोयता धरत्यात. तुजी बायको आजारी, म्हंजी तू अर्धाच. पोरीला घे, कोयता पुरा हुईल.” ज्ञानेश्वरीनं बापाच्या हातातला कोयता घेतला आणि टोकानं मातीत दोन अपूर्णांक मांडले. “ट्रॉलीत कानिफकाका एकलाच बसलाय. काकी बाळंतपणाला माहेरी गेली. त्यो बी अर्धाच हाय. अर्धा अन् अर्धा एक. मला कशापायी नेता?” मुकादम मातीकडं बघून हसला. “ऱ्हाऊ दे हिला. पुढच्या साली हिशेबाला नेतो.” ज्ञानेश्वरीनं कोयता बापाला परत दिला. “पुढच्या साली मला सवड न्हाई. आठवी हाय.”