तळाचा चेक

बँकेत चेक वटवायला पाठवणाऱ्या, क्लिअरिंगच्या बाईंचा क्रम ब्रह्मदेव आला तरी बदलत नसे. मोठ्या रकमांचे चेक आधी, बाहेरगावचे नंतर, किरकोळ सगळ्यात शेवटी.

त्या सकाळी त्यांनी एक किरकोळ चेक गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. पाच मिनिटांत तो सगळ्यात वर आला. त्यावरची सही अर्धवट होती.

"रांगेत घुसायचं नाही," बाईंनी चेकलाच दम दिला आणि तो पुन्हा तळाशी खुपसला. शेजारचा कॅशियर हसला.

चेक पुन्हा वर आला, तेव्हा सहीत एक अक्षर वाढलं होतं. शाई ओली होती.

बाई हटल्या नाहीत. त्यांनी चेक ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं आणि बाकीचा गठ्ठा हातावेगळा केला. मग ड्रॉवर उघडला. आता सहीतलं फक्त शेवटचं अक्षर उमटायचं राहिलं होतं.

त्यांनी खातेदाराच्या घरी फोन लावला. तो त्याच्या बायकोने उचलला.

"हे सकाळपासून टेबलाशी बसलेत हो. समोर कागद नाही, पण पेन धरलेला हात चालूच आहे. हाक मारली तरी बघत नाहीत."

"त्यांचा हात धरा," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता, घट्ट."

पलीकडे खुर्ची सरकली. पेन खाली पडल्याचा आवाज आला.

"धरलाय. दोन्ही हातांनी धरलाय."

बाईंनी चेककडे पाहिलं. शेवटचं अक्षर सावकाश उमटत होतं.