गठडीसकट

"मावशी, दांडी धरा," तंत्रज्ञ तिसऱ्यांदा म्हणाला.

"जिन्यात माझा एक हात गठडीला असतो, दुसऱ्यात बादली. दांडीसाठी तिसरा हात कुठून आणू?"

असं म्हणून तिनं उरलेला हातही सोडला आणि सरकत्या पट्ट्यावर चालत राहिली. छातीला वायरी चिकटवलेल्या, डाव्या मनगटात सुई टोचून ठेवलेली. हॉटेलच्या लाँड्रीत बावीस वर्षं काढलेली बाई. चालण्याचं तिला काय कौतुक! पट्ट्याचा चढ वाढला, तशी ती कमरेत थोडी वाकली, एवढंच.

दाराशी खुर्चीवर नवरा बसला होता. मांडीवर प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये मागच्या वर्षीच्या अँजिओग्राफीचा कागद, नि त्यातली पहिली ओळ त्याला तोंडपाठ.

"नळ्या साफ आहेत हो हिच्या," तो तंत्रज्ञाला म्हणाला. "उगाच मनाला लावून घेते. लाँड्रीच्या मुकादमानं सांगितलंय, आजचा फोटोही साफ आला की मुकाट्यानं तिसऱ्या मजल्यावर गठड्या सुरू."

"शेवटची ओळ वाचा," ती पट्ट्यावरूनच म्हणाली.

"काय त्या ओळीत? नळ्या मोकळ्या, पण रक्त जरा सावकाश सरकतंय. सावकाश तर सावकाश. कुठं गाडी गाठायचीय त्याला?"

ती समोर बघत चालत राहिली. दम जपून वापरायचा होता.

तंत्रज्ञानं पडद्याकडे बघत शिशाच्या डबीतून सिरिंज काढली. "ठोके हवे तेवढे झाले. आता औषध सोडतो. घाबरू नका, हे रक्ताबरोबर जातं नि हृदयात जिथं रक्त पोचेल तिथं बसतं. मग अर्ध्या तासानं शेजारच्या खोलीत कॅमेऱ्याखाली निजायचं. या घडीला रक्त कुठवर पोचलं, ते तेव्हा दिसतं."

"या घडीला?"

"सोडतो त्या घडीला."

तिनं उजवा तळवा मनगटातल्या सुईवर घट्ट दाबला. "मग नाही सोडायचं. अजून दुखत नाहीये."

"मावशी, न दुखणं चांगलंच की!"

"तुमच्यासाठी चांगलं असेल. न दुखतानाचा फोटो काढून मी काय भिंतीला लावू? माझं दुखणं तिसऱ्या मजल्याच्या वळणावर येतं. गठडीसकट."

नवरा उठून उभा राहिला. "अगं, चार माणसांत काय हे? त्यांना त्यांचं काम करू दे."

"करू दे ना. माझंच काम आहे ते."

कोपऱ्यात ठोक्यांची कागदी पट्टी वाचत बसलेली डॉक्टरीणबाई पुढे आली. लेकीच्या वयाची. "असं ओझं घेऊन इथं कुणी चालत नाही, मावशी. मी परवानगी देणार नाही."

"मग जिन्यातही देऊ नका. तसा कागद लिहून द्या, मी आत्ता उतरते."

पट्टा घरघरत होता. डॉक्टरीणबाईनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्या सुईवर दाबलेल्या तळव्याकडे. मग भिंतीतल्या कपाटाकडे बोट केलं. आत धुतलेल्या चादरींच्या गठड्या रचलेल्या होत्या.

"वेग कमी कर," ती तंत्रज्ञाला म्हणाली. "आणि मागे उभा राहा. मावशी, मी थांबा म्हटलं की थांबायचं."

"वरची नको, पोकळ बांधलीये," तिनं लांबूनच पारख केली. "खालची. दहा-बारा किलो भरेल. अहो, आणता का तेवढी?"

नवऱ्यानं फाईल खुर्चीवर ठेवली. एका हातानं गठडी ओढली, ती हलली नाही. मग दोन्ही हात घातले, गुडघा लावला. चार पावलांत त्याच्या कपाळावर घाम आला. तिनं ती उजव्या खांद्यावर अशी घेतली, जशी बाई पदर घेते.

एक मिनिट गेलं. दीड. तिचं बोलणं थांबलं. ओठ पांढरे पडत गेले. डाव्या जबड्याखाली एक शीर ताठ झाली, आणि ती हसली. दोन वर्षं जिला तिच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं, ती पाहुणी सगळ्यांदेखत दारात उभी होती.

"आली," ती म्हणाली. "सोडा आता."

तंत्रज्ञानं सुईतून औषध सोडलं.

"बास, गठडी द्या त्यांच्याकडे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आणखी एक मिनिट नुसतं सावकाश चालायचं. जमेल?"

तिनं मान हलवली. नवऱ्यानं धावत येऊन गठडी खांद्यावर झेलली. ती दांडी न धरता चालत राहिली, साठापर्यंतचे आकडे पुटपुटत. डॉक्टरीणबाईनं कागदावर लिहिलं, 'दुखत असताना औषध दिले', आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

पट्टा थांबला. तिला खाटेवर निजवलं, जिभेखाली गोळी दिली. दुखणं हळूहळू ओसरू लागलं. फोटो अर्ध्या तासानं निघणार होता; तो काय सांगेल ते उद्या कळणार होतं.

नवरा खोलीच्या मधोमध तसाच उभा होता. गठडीखाली खांदा एका बाजूला कललेला, श्वास लागलेला. खुर्चीवर फाईल होती.

"अगं," तो हळूच म्हणाला, "ही कुठं ठेवू?"

तिनं डोळे उघडले नाहीत.

"ठेवू नका. तुमचा अजून पहिलाच मजला आहे."