बेसूर शीळ

लेहच्या पक्षीवेड्यांचा दंडक होता: बर्फात हाका मारायच्या नाहीत, रामचकोर पक्ष्यासारखी शीळ घालायची. “थिनलासची शीळ ऐकून रामचकोर कान झाकतात,” सगळे चिडवायचे. आज खिंडीखाली धुकं दाटलं आणि नेमका थिनलासच मागे राहिला. दंडक विसरून मारलेल्या हाका धुक्यात विरल्या. मग त्याच्या आचेनं, थोरल्या बहिणीनं, जीव एकवटून शीळ घातली. दोन उत्तरं आली. डावीकडून लांबलचक, सुरेल. उजवीकडून, कड्याच्या बाजूनं, चिरकी. “डावीकडे चल, पोरी! उजवीकडे नुसता पडसाद!” गटातले जाणते नुर्बूआजोबा ओरडले. दोन्हीकडे शोधण्याइतका उजेड उरला नव्हता. तिनं क्षणभर कानोसा घेतला, दोर उचलला आणि ती उजवीकडे वळली. कड्यालगतच्या कपारीत थिनलास पाय धरून बसला होता. डावीकडून रामचकोरांचा थवा सुरेल शीळ घालत उडाला. “आचे, पुन्हा चुकली ना शीळ?” तिनं त्याला कवटाळलं. “मेल्या, ती सुधारलीस तर याद राख!”