येते म्हणावं

रविवारी संध्याकाळी सहाला जुईला पाळण्यात निजवलं, की ती उठायची थेट शनिवारी सकाळी. मधल्या पाच दिवसांत तिला भूक लागत नसे, ताप येत नसे आणि वयही वाढत नसे. आईबाबा दोघंही नोकरीला. लेकीचं बालपण पाळणाघरात वाया जायला नको, म्हणून सुनेत्रानंच हट्टानं हा काचेचा पाळणा घेतला होता. त्याला आता बारा वर्षं झाली. जुई चार वर्षांची होती.

या शनिवारी सकाळी उठल्यावर वेणी घालून घेता घेता तिनं आईच्या तोंडात डोकावून पाहिलं. "आई, तुझा दात कुठे गेला? काल तर होता!"

दात बुधवारी काढला होता. पण जुईला बुधवार कसा समजवायचा? तिच्या लेखी आठवडा दोनच वारांचा. ही दहावीला बसेल तेव्हा आपण पंच्याऐंशीच्या असू, सुनेत्राच्या मनात आलं. असलो तर.

"पाळणा काढून टाकू या का?" रविवारी संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं.

"आणि उद्या हिच्याजवळ कोण थांबणार?" हृषीकेश म्हणाला. "तू?"

सहा वाजले. तिनं जुईला पाळण्यात ठेवलं, पांघरूण सारखं केलं आणि नकळत बोलून गेली, "जाते हं, बाळा."

"जाते नाही म्हणायचं," जुईनं आईचीच शिकवण आईला ऐकवली. "येते म्हणावं."

तोवर काच मिटली होती. सुनेत्रा काचेला ओठ लावून "येते, येते" म्हणत राहिली.